पिवळ्या ढगांचे लोड

बजाजनगर, सोमवार

तीर्थरूप आप्पासाहेब मामांना अनुसयाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा पिशोरच्या बाजारापर्यंत साथ देतो ना? मामींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल, खाज सोडून.

वाळूजजवळच्या नव्या इमारतीवर मी सेफ्टीचं काम बघते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या तिथं गरम पाण्याच्या पाइपांवर ग्लासवूल गुंडाळतात. (काचेचा कापूसच तो, पिवळा, मऊ. उन्हं कलली की वाटतं, माणसं खांद्यावर ढग घेऊन जिने चढताहेत, आणि मी खाली बघत राहते.) पण त्याची कुसं अंगात रुततात, श्वासात जातात, म्हणून मास्क लावा, हातमोजे घाला, असं मी रोज सांगते. फकिरा मिस्त्री म्हणतो, "ताई, तुमचं भाषण लई गोड, झोपच लागती." तरी मला हे काम सोडायचं नाही. दादा मात्र बापाच्या हक्कानं म्हणतात, लग्न ठरलं की नोकरी बंद.

भाषणात दाखवायचे तुकडे कापायला मी ग्लासवूलचं एक पोतं घरी आणलं आणि वर 'हात लावू नये' असं लिहिलं. काल मला बघायला पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तर मुलाची आई मनकर्णाबाई नव्या फुगीर लोडाला टेकून मान खाजवत होत्या. मुलगाही खाजवत होता, त्याचे काकाही. मी आत पळाले. आई शांतपणे म्हणाली, "लोड लई चपटे झालते. हात लावायचा नाय असं तूच लिव्हलंस, म्हणून काठीनं भरलं." (पाखडताना बांधते तसा नाकाला पदरही बांधला होता. माझ्या साइटवर एवढं कुणी पाळत नाही.)

दादांनी पाहुण्यांसाठी गरम पाणी मागवलं. मुलीनं खाली मान घालून बसायचं असतं हे विसरून मी म्हणाले, "गरम नको, थंड आणा. आणि कुणी चोळायचं नाही." मग सगळ्यांना अंगणातल्या नळाशी उभं करून सावकाश समजावलं. मामा, इतकं मन लावून माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं. पाणी ओघळत होतं, त्यात ऊन चमकत होतं. दादा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आता नकार येईल आणि नोकरी वाचेल, या आनंदात हे पत्र लिहिते आहे.

आपली भाची,
अनुसया

ता. क. होकार आला. मनकर्णाबाई म्हणतात, भर बैठकीतून सगळ्यांना उठवून नळाखाली नेणारी सून हवीच. मामा, दादा फक्त तुमचं ऐकतात. येत्या रविवारी या आणि नोकरी सुटणार नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

ता. क. दुसरा. एवढंच. स्थळ मोडू नका. मुलानं फोन करून विचारलं, साइटवर पुढचं भाषण कधी आहे. मी वेळ सांगितली आहे.