कमल, आपला पट्टा पिवळा झाला

लातूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय कमल,

काल नगरपालिकेच्या सभेत विकास आराखडा वाचून दाखवला. वरून मंजुरी आली आहे. औसा रोडच्या पलीकडचा आपला पट्टा शेती विभागातून निघाला आणि रहिवासी विभागात आला. नकाशावर इतकी वर्षं हिरवा होता, आता पिवळा झाला. आपल्या प्लॉटवर घर बांधता येतं, कमल! परवानगी मागून, उजळ माथ्यानं.

सभागृहाबाहेर पेढे वाटत होते. माझ्या हातावरही एक ठेवला. तो रुमालात गुंडाळून मी खोलीवर आणला, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि मग कळलं की मी तो कुणासाठी आणला होता. डायरी उघडली. 'आज सभा झाली' एवढं लिहिलं, आणि पुढचं वाक्य आपोआप तुझ्याशी बोलायला लागलं. ते पान तसंच ठेवलं. म्हणून आज हे पत्र.

तुला आठवतं, जिल्हा नवा झाला तेव्हा अर्धं ऑफिस उस्मानाबादहून पेट्या बांधून इथं आलं होतं? सगळं शहर खोल्या शोधत होतं. आपल्याला प्रत्येक दारात दोनच प्रश्न. गाव कोणतं? आणि आडनाव? आडनाव सांगितलं की मालक हळहळून म्हणायचे, "अरेरे, कालच गेली की हो खोली." एकदा असंच परतताना तू भर रस्त्यात हसायला लागलीस. "आवो, समद्यांच्या खोल्या कालच कशा जातेत? आपुन रोज एक दिस उशिरा निघतो बघा घरातून!" मी चिडलो होतो. लोक बघत होते म्हणून. आज तेच हसू ऐकायला मी औश्यापर्यंत चालत जाईन.

शेवटी मिळाली ती ही मागची खोली. चुलीचा कोपरा इतका अंधारा की दुपारी बारालाही चिमणी लावावी लागायची. आणि हौदावरचं पाणी सगळ्यांचं भरून झाल्यावर आपलं. कुणी तसं तोंडानं म्हणत नव्हतं. घागर घेऊन तू बाजूला उभी राहायचीस, एवढंच.

म्हणून तर तुझा प्लॉटवर एवढा जीव होता. हे मला तेव्हा का कळलं नाही? मला वाटायचं, सगळ्या बायकांना घर हवं असतं, तसं तुलाही हवं आहे.

आराखड्याचा नकाशा पालिकेच्या भिंतीवर लावला तेव्हा तू हट्टानं बघायला आलीस. मी बोट ठेवून दाखवलं, आपण इथं, हिरव्या पट्ट्यात, इथं बांधकामाला मनाई. तू पदर सावरून पुढं झालीस. "हिरवा? दोन साल झाले, कुसळ उगवंना तिथं, अन् हिरवा म्हणं! ह्यो रंग दिला कुणी? त्याला आणा की जरा उन्हात." तिथला कारकून मान खाली घालून हसत होता. दुष्काळात त्याला हसायला दुसरं काय होतं म्हणा!

आणि मग ते रविवार. बिराजदार गुरुजींचा प्लॉट आपल्या शेजारी. शाळेचं मैदान आखायची चुन्याची फक्की त्यांनी तुला डबाभर आणून दिली. तू उघड्या माळावर घर काढलंस. ओसरी, बैठक, वैशालीला अभ्यासाची खोली, आणि सगळ्यांत पुढं, रस्त्याच्या तोंडाशी, स्वयंपाकघर. मी म्हणालो, "कमल, चूल मागं असते." तू कमरेवर हात ठेवलास. "कामून? मी काय चोरून रांधायले? रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, मला दिसाया पायजे."

मी चुकून रेघ ओलांडून आत आलो की ओरडायचीस, "आवो, भितीतून कुठं घुसायलाव? दार मग कशाला काढलंय?" गुरुजी तर बिचारे रेघेबाहेर उभे राहून विचारायचे, "वैनी, यावं का आत?" तुझं उत्तर ठरलेलं. "या की. पण चपला काढा, आत्ताच सारवलंय." आणि चांगला वयस्क माणूस, तापल्या मातीत अनवाणी, या पायावरून त्या पायावर नाचत तुझ्या स्वयंपाकघरात येऊन चहा प्यायचा! घरून थर्मासात नेलेला चहा. पण तू तो आधी चुलीच्या जागेवर टेकवून मग ओतायचीस.

वारा आठवडाभरात भिंती पुसून टाकायचा. तू पुन्हा आखायचीस, आणि दर वेळी स्वयंपाकघर वीतभर मोठं व्हायचं. वाटायचं की मला कळत नाही? कळत होतं. बैठक बारीक होत चालली होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. तू म्हणाली होतीस, "पत्र्याची एक खोली टाकू. गुरुजींनी टाकली, समद्यांनी टाकली. कोण ईचारतंय?" मी म्हणालो, मी विचारतो. विनापरवाना बांधकामाच्या नोटिसा ज्या टेबलावरून निघतात, त्याच्या शेजारच्या टेबलावर मी बसतो. मी कसा टाकू? "मंजुरी येईल, थोडं थांब." तू त्यावर भांडली नाहीस. नुसतं म्हणालीस, "तुमचा कागद येईस्तोवर मी म्हातारी हुईन." म्हातारी तरी व्हायचंस ना, कमल! एवढी कसली घाई होती? गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तू त्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून पडून राहिलीस, ती उठलीच नाहीस. मंजुरी काल आली.

ज्यांनी तेव्हा पत्रे टाकले, त्या सगळ्यांची घरं आता नियमात बसवून घेणार आहेत. गुरुजींची बायको त्यात सुखानं नांदली. मग मी बरोबर होतो का? नोटिसा काढणाऱ्यानंच नियम मोडावा, हे मला आजही पटत नाही. आणि तू मागच्या खोलीत गेलीस, हेही पटत नाही. दोन्ही गोष्टी मी रोज शेजारी शेजारी ठेवून बघतो. जुळत नाहीत.

तू गेल्यापासून मी प्लॉटवर गेलो नव्हतो. काल सभेतून बाहेर पडताच एका दलालानं गाठलं. "साहेब, एकट्याला घर काय करायचं? आत्ताच भाव आहे, देऊन टाका." खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते पटलं. वैशालीला नांदेडच्या होस्टेलवर फोन केला, तर ती म्हणाली, "विका. पण मग मी सुट्टीत कुठं येऊ तेवढं सांगा. त्या मागच्या खोलीत मी पुन्हा येणार नाही." अगदी तुझा आवाज! ठेवून दिला फोन. बांधायचं ठरलं. तसाच एका कंत्राटदाराला घेऊन प्लॉटवर गेलो.

पण पाणी? आपल्या प्लॉटांना लागून आता पालांची वस्ती पडली आहे. निलंग्याकडची, लोह्याकडची माणसं, गावात काम नाही म्हणून खडी फोडायला आलेली. त्यांना एका दिवसाआड टँकर येतो. कंत्राटदार सहज म्हणाला, "पाण्याची फिकीर सोडा साहेब. त्याच टँकरवाल्याला सांगतो, अर्धा तुमच्याकडं खाली करील." तेव्हा टँकर आलेलाच होता. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी त्याला नाही म्हणालो, आणि म्हणताच घाबरलो. पुन्हा थांबायचं? थांबण्यानंच तर सगळं गेलं. तू असतीस तर माझ्यावर ओरडली असतीस की त्याच्यावर? तू गेल्यापासून मी सगळी उत्तरं तुझ्या आवाजात ऐकतो, पण हे एक ऐकू येत नव्हतं.

गुरुजी त्यांच्या ओसरीवरून सगळं बघत होते. म्हणाले, "किसनराव, तुमी लई इचार करताव. पाया खांदायला कुठं पाणी लागतंय? खांदून घ्या, दगड भरून ठेवा. ह्या पालातल्या माणसांना हाताला काम होईल. पाणी पडलं की भिती चढवा." इतकं सोपं होतं!

म्हणून आज सकाळी आखणीला मिस्त्री आले. नियमाप्रमाणे पुढं जागा सोडून घर थोडं मागं सरकवावं लागलं, तेवढं तू समजून घे. मिस्त्री म्हातारे आहेत. दोरीचं भेंडोळं हातात घेऊन इकडं तिकडं बघत राहिले. मी म्हणालो, "धरा की दोरी." तर म्हणाले, "घरच्या बाई न्हाईत आल्या? चुलीची जागा त्यांना ईचारल्याबिगर म्या आखत नसतो."

मला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर माझ्यानं बोलवणार नाही. पण बोललो. म्हणालो, "तिनं सांगून ठेवलंय. पुढं. रस्त्याकडं."

"पुढं? मग समदा धूर रस्त्यावर जाईल की हो."

"जाऊ द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि दुसरं काही न विचारता पहिली खुंटी ठोकली.

कमल, उद्यापासून मी रजा टाकली आहे. शब्द देतो, आता मी फक्त पावसासाठी थांबेन, दुसऱ्या कशासाठी नाही. आणि भिंती चढायला लागल्या की पहिली वर येईल ती तुझ्या स्वयंपाकघराची.

तुझाच,
किसन