पंखा का फिरत नाही

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली आहे, तीस मार्च. ही चुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि उजवा डोळा तोवर थांबणार नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मी एकोणतीसला गाडी घेऊन न्यायला येते.

पण गाडीच रुसली आहे. रस्ता मोकळा असला की एसी गार. सिग्नलला थांबले की गरम हवा येते आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागतो. फोनवर विचारलं असतं, पण ऐकू न येता तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता. बत्तीस वर्षं गॅरेज चालवलंत, आता लेकीला पत्रातून शिकवा. आणि ओळी सरळ लिहा. मागच्या पत्रात त्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या.

लोभ आहे तो असाच राहू द्या.
तुमची चिंगी

८ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

कागद वाकडा होता. डोळे माझे ठणठणीत आहेत, ऑपरेशन हे डॉक्टरांचं खूळ. तरी तुझ्या हट्टापुढे माझं काय चालणार? फक्त तापणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. ती नीट झाली नाही तर ऑपरेशन रद्द, आणि पुन्हा तो विषय नको.

रेडिएटरचा पंखा फिरत नसणार. गाडी धावताना वारा मिळतो, थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावून बॉनेट उघड आणि लांबूनच बघ. फिरत नसेल तर इंजिन बंद करून पंख्याला बॅटरीवरून थेट वायर दे. फिरला तर मोटर चांगली. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी काळी डबी, हॉर्नच्या डबीशी बदलून पाहा. दोन्ही सारख्याच आहेत. फ्यूजच्या नादी लागू नकोस, जानेवारीत आलो तेव्हा मी स्वतः नवा हिरवा घातलाय. तुझ्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने काहीतरी उचकलं असणार. त्याला पाना धरता येत नाही.

प्रकृतीला जप.
तुझा बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

एसी लावला, पंखा ढिम्म. बॅटरीवरून वायर दिली तर असा भणाणला की मी दोन पावलं मागे उडाले. डब्या बदलल्या. हॉर्न दोन्हींवर ठणाणा करतो, पंखा मात्र मुकाच. मेकॅनिकला तुमचं म्हणणं सांगितलं. तो फार दुखावला. म्हणाला, आपण या गाडीत टायरच्या हवेपलीकडे काही घातलेलं नाही. त्याला फ्यूज बघायचा होता. माझ्या वडिलांनी घातलाय म्हटल्यावर तो आभाळाकडे बघू लागला. पुढे काय करू? दिवस थोडे उरलेत.

रागवा, पण उत्तर द्या.
तुमची चिंगी

१७ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

त्या गाढवाला गाडीच्या आसपास फिरकू देऊ नकोस. तापमानाचा सेन्सर बघ. सगळ्या वायरी हाताने चाचप, उंदरांनी कुरतडल्या असतील. पाणी पूर्ण काढून नवं भर, पण इंजिन गार झाल्यावरच. इतक्यानेही जमलं नाही तर समज, गाडीलाच माझं ऑपरेशन नकोय. मी तयारच होतो, माझा दोष नाही.

तुझा बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सेन्सर चांगला, वायरी धड, पाणी नवं. शेवटी तुमची आज्ञा मोडली. सोबत तो जळका फ्यूज पाठवते आहे. मी कुणालाच काही म्हणत नाही. उन्हात धरून नुसता रंग कळवा, आणि वरचा आकडा भिंगाने वाचा.

माया कमी करू नका.
तुमची चिंगी

२५ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

फ्यूज उन्हात धरला. हिरवा. शेजारच्या शिंप्याला दाखवला, त्याला निळा दिसला. सगळा जन्म रंगीत दोऱ्यांत जाऊन तुला निळं-हिरवं कळत नाही का, म्हणून त्याला झापला. मग पोस्टमन आला. त्यालाही निळाच. भिंगाखाली आकडा निघाला पंधरा.

पंख्याला तीस अँपिअरचा लागतो, तो हिरवा. पंधराचा निळा, त्याला निम्मीच वीज पेलते. थंडीत एसी बंद होता म्हणून तो तग धरून राहिला, उन्हाळा लागताच गेला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला मी गॅरेजबाहेर काढलं असतं. मेकॅनिकची माफी मागायची आहे. ती मी समोर येऊन मागेन. तीसचा त्याच्याकडूनच बसवून घे, आणि गाडी जागेवर चालू ठेवून काट्यावर नजर ठेव.

आता खरं सांगतो. दिसत नाही हे मला वर्षभर ठाऊक आहे. वर्तमानपत्र मी नुसतं उलटतो, तुझी पत्रंही भिंगाखाली एकेक अक्षर लावतो. इंजिन उघडलं आणि बिघडलं तर दुसरं आणता येतं, डोळा कुठून आणायचा? म्हणून घाबरलो होतो, अजूनही घाबरलोय. पण माझ्या हट्टापायी तू अशी गाडी घेऊन एकटी फिरत होतीस, हे मनातून जात नाही.

एकोणतीसला ये. गाडी सुधारली नसली तरी ये. ऑपरेशनला आत नेतील तेव्हा नुसती हाक मारलीस तर मला ऐकू यायची नाही, म्हणून दारापर्यंत हात धरून चल.

तुझा बाबा