मुनादीची डिगरी

बाबा, मी पुन्हा शिकायला लागले आहे. ज्याचं नाव काढल्यावर तुम्ही हातातला घास डब्यात परत ठेवून हसला होतात तेच शिक्षण. संज्ञापन आणि डिजिटल माध्यमं या विषयात एम.ए. करते आहे. वर्गात सगळ्यांत वयस्क मी. पोरं मला ताई म्हणतात, आणि कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की माझ्याकडे बघतात, जणू मी ती घरून शिदोरीत बांधून आणली असेल. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. माझा असा, की मारेगावच्या आसपासच्या गावांतल्या लोकांना रोज संध्याकाळी फोनवर एक छोटं बातमीपत्र जातं. कापसाचं कुठलं खरेदी केंद्र उद्या सुरू, कुठलं बंद, एवढंच. मजकूर मी लिहिते, आवाज मात्र संगणकाचा. बाईचाच आहे, गोड आहे, पुण्याकडची वाटते. गावांतले तिला कापूसवाली म्हणतात. तिच्यामागे मी आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि मीही कळू दिलं नव्हतं.

आज दुपारी एका केंद्रावरच्या बाबूंचा फोन आला. "उद्या खरेदी सुरूच हाये. टाकून द्या तुमच्या त्याच्यावर." मी म्हटलं, लेखी द्या. "मॅडम, म्या सांगून राह्यलो नं." आवारात कापूस ठेवायला जागाच उरली नाही, असं मला सकाळी तिथल्या एका हमालाकडून कळलं होतं. ते विचारलं, तर फोन कट झाला. इकडे लोकांचे संदेश येतच आहेत, उद्या गाडी भरू काय, भरू काय. शेवटी मार्गदर्शक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अधिकाऱ्यानं सांगितलंय ना? मग टाक. आपण फक्त माध्यम आहोत." हे वाक्य पुस्तकात आहे, मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला तुमची कॉलर आठवली.

ती कापसाची वाईट वर्षं होती, तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही मारेगावात सायकलरिक्षावर भोंगा बांधून मुनादी द्यायचात, दवंडीच ती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आज्यानं गावकीचं डफडं खाली ठेवलं होतं, पुन्हा कुणाच्या दारात उभं राहून ओरडणार नाही म्हणाला होता. तुम्ही भोंगा आणलात तेव्हा तो कितीतरी दिवस तुमच्याशी बोलला नाही. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्याले उभं राहून द्या लागे, मी बसून देतो." आणि खरंच, कुणी कितीही घाई केली तरी तुम्ही रिक्षातून उतरून कधी काही पुकारलं नाही.

त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले होते आणि मनाशी ठरवून आले होते, बी.ए. झालं, आता पुढं नागपूरला जायचं, आज विचारायचंच. खरेदी केंद्राच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत बैल जुंपलेल्या कापसाच्या बंड्या लागलेल्या. तुम्ही जेवता जेवता विचारता, "कायचं शिक्षण हाये ते?" लोकांपर्यंत बातमी कशी पोचवायची त्याचं, मी सांगते. तुम्ही हसता. "म्हंजे मुनादीची डिगरी? आज्यानं डफडं टाकलं, अन् तू फी भरून उचलून राह्यली?" मीही हसते. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणजे जमलं असं मला वाटतं.

तेवढ्यात केंद्राचं फाटक बंद होतं. आतला बाबू फाटकाआडूनच तुम्हाला हळूच सांगतो, "वरून आदेश आला, खरेदी बंद. पुकारून दे अन् निंघ." सकाळपासून तुम्ही 'सुरू आहे' पुकारत होतात, तेही त्यानंच सांगितलं म्हणून. तुम्ही डबा बाजूला सारून माइक उचलता आणि बसल्या जागेवरून पुकारता. आधी कुणी हलत नाही. मग माणसं बंड्यांवरून उतरतात, पण फाटकाकडे जात नाहीत, तुमच्याकडे येतात. फाटकाला कुलूप होतं, तुम्हाला नव्हतं. कॉलर धरून ते तुम्हाला खाली ओढतात. "सकाऊन सुरू म्हणे, आता बंद म्हणे, कोनं सांगतलं तुले?" बाबू फाटकाच्या आत उभा आहे. मी ओरडते, त्या तिथल्या साहेबानं सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "म्या सांगतलं," तुम्ही म्हणता, "माह्या तोंडानं सांगतलं." कुणीतरी मारतं, मग दुसरं कुणी. बसून मुनादी देणारे तुम्ही त्या दिवशी उभे होतात. दोन-चार म्हातारे मधे पडले म्हणून वाचलात.

आठवड्याभरात तुम्ही भोंगा विकलात, आणि माझ्या नागपूरचा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही. मला तुमचा राग आला होता. तुम्ही गेलात तरी तो गेला नाही. नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या बाबूसाठी मार खाल्लात, असंच मी धरून चालले होते. आज मॅडमचं वाक्य ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं की तसं नसावं. त्याचं नाव घेतलं असतंत तर तुम्ही त्याचे हरकामे ठरला असता. मुनादी तुमची होती, म्हणून चूकही तुम्ही तुमचीच म्हणालात.

संध्याकाळी मी संगणकातल्या बाईला गप्प केलं आणि फोन तोंडाजवळ धरला. माझं नाव सांगितलं, कुणाची मुलगी तेही सांगितलं. "उद्या खरेदी सुरू हाये असं मले केंद्रावरून सांगतलं, पण लेखी देत नाहीत. आत जागा नाही असंबी आयकलं. खरं काय, मले माहीत नाही." आणि पाठवून दिलं. मॅडमचा लगेच फोन आला, 'माहीत नाही' ही बातमी नसते, हा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, म्हणजे वर्ष जाईल. मी बरं म्हटलं. वर्ष गेल्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

मग शिव्या आल्या, त्या येणार हे मी धरूनच चालले होते. आणि एका म्हाताऱ्याचा बोलून पाठवलेला संदेश आला. आवाजात राग नव्हता. "बाई, तुह्या बापाले म्या ओळखतो. गाडी भाड्यानं आणली, भरून दारात उभी हाये. तुले माहीत नाही, ठीक हाये. मंग आता इचारू कोणाले, तेवढं सांग." मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मी ऐकल्याची खूण त्याच्या फोनवर उमटली आहे, या फोनमध्ये ते लपत नाही. तो फोन हातात घेऊन बसला असेल. आणि मी, त्याला काय सांगायचं ते सुचत नाही म्हणून, तुम्हाला लिहीत बसले आहे.