एक फुंकर, दोन निकाल

आधी माझी तक्रार ऐका सासूबाई, नमस्कार नंतर. दारात आलेल्याला आडनाव विचारल्याशिवाय तुम्ही कधी चहा ओतला नाहीत. आडनाव पटलं तर बशीसकट कप, नाही पटलं तर मागच्या दाराच्या कोनाड्यातला, कान तुटलेला. चहा मात्र एकाच पातेल्यातला. मी बघत होते, बोलले नाही. ते सगळं न बोललेलं परवा दवाखान्यात बाहेर आलं.

मी आता इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला लेकीकडे असते. जावई अरब आहेत, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडल्यापासून स्वतःला 'अरब' म्हणताना खाली बघतात. नातीची छाती जिना चढताना वाजायची, म्हणून जावई आणि मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथे नळीत फुंकायचं, यंत्र श्वास मोजतं. पोरगी जीव खाऊन फुंकते. यंत्रावरची बाई विचारते, "वंश कोणता लावू? गोरे, काळे, आशियाई, इतर. अरब यात नाहीच."

जावई पुटपुटले, "इतर लावा."

लावलं. श्वास ठीक. मग बाईलाच शंका आली, तिने 'गोरे' लावून पाहिलं. तीच फुंकर, आणि श्वास कमी! म्हणे, यंत्र प्रत्येक वंशाचा श्वास वेगळा धरतं.

"म्हणजे इतरांचं कमी श्वासात भागतं होय?" मी विचारलं. माझं जर्मन भांडण्यापुरतं आहे, आणि तेवढं पुरतं.

"आई, हळू," जावई म्हणाले. त्यांचं मराठी एवढंच.

"तुम्ही हळू बोलता म्हणूनच हे 'इतर' लावतात. बाई, हिचा बाप अरब, आई मराठी. तसं लिहा, आणि डॉक्टरांना बोलवा. छातीला कान लावू द्या त्यांना."

डॉक्टर आले, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, वाजतंय." औषधाचा फवारा दिला. आता पोरगी जिना पळत चढते आणि वरून मला चिडवते, "ओमा, श्नेलर!" म्हणजे आजी, पटपट!

तुम्ही गेलात त्या गावी टपाल जात नाही, मग हे पत्र कुठे टाकणार? डाळीच्या डब्याखाली राहील. एक मात्र सांगते, लेकीलाही बोलले नाही: फुंकताना पोरीने नाक फुगवलं, ते थेट तुमचं नाक. आता सांगा, तुमच्या या पणतीला चहा कोणत्या कपात द्यायचा? आणि उत्तर तुम्हीच द्यायचं. मामंजींना पुढे करायचं नाही.