बिनकाट्याचा गळ

मु. पो. निरवांगी, ता. इंदापूर
दि. ११ डिसेंबर १९९६

आदरणीय मेहुणे दादासाहेब यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा सोनबा याचा निरवांगीहून रामराम पोचावा.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? लोणी भापकरला विहिरीचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं वाटतं का? आमच्या नीरेला सध्या पाणी भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर तीच माझी अडचण झाली आहे.

माझ्याविषयी काहीबाही तुमच्या कानावर आलंच असेल. आमच्या शेजारच्या रंगूबाईच्या तोंडून निघालेली गोष्ट लोणी भापकरला पोचायला एक दिवस पुरतो, आणि ही निघून तर आठ दिवस झाले. म्हणून खरं काय ते घडलं तसं सांगतो. दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन मी बारामतीच्या दवाखान्यात पंधरा दिवस पडून होतो, तेव्हा मी जगावं म्हणून सारजा माळ घालायचा नवस बोलली. मी जगलो. (डॉक्टरांनीही थोडाफार हातभार लावला.) तिनं तुळशीची माळ घातली, मटण-मासळी सोडली, आणि माझ्याकडून भंडारा उचलून शब्द घेतला की माझ्या हातून मासा मरणार नाही. शब्द नीट बघा, दादासाहेब. 'मरणार नाही.' 'धरणार नाही' असं मी म्हटलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. तरी वर्षभर मी गळाला हात लावला नाही. नदीवर म्हशी धुवायला जायचो आणि लांब कुठं मरळीनं पाणी फोडलं की म्हैस सोडून तिकडंच बघत बसायचो. तीस वर्षं ज्यानं गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बेंडाकडं डोळे लावले, त्या माणसानं म्हशीच्या पाठीकडं किती वेळ बघावं?

शेवटी एक दिवस काठी काढली. धरायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे शब्दही राहील आणि जीवही रमेल, असा माझा कायदा होता. पण वर्षभरात सवय मोडलेली. पहिल्याच झटक्याला गळ मागं गेला आणि माझ्याच कानाच्या पाळीत रुतला. गळाच्या टोकाला आतल्या बाजूनं एक बारीक उलटा काटा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो मासा निसटू नये म्हणून असतो. सोनबाही निसटू नये म्हणून तो तितकाच उपयोगी पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मागं ओढावं तर कान येतो, पुढं ढकलावं तर जीव जातो. तसाच कानाला दोरी लोंबकळत जनावरांच्या दवाखान्यात गेलो. (माणसांचा दवाखाना लांब होता, आणि वाटेत ओळखीचे लोक फार.) तिथल्या कंपाउंडरनं, समाधाननं, गळ आरपार काढून पकडीनं काटा कापला आणि मग मागं ओढून मला मोकळा केला. वर धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी सरकारी दवाखान्यात पाठवलंच. म्हणाला, "काका, काटा नसता तर आला तसाच निघाला असता की." मी कळवळून सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता. रडायला मला तोंड होतं आणि कान धरायला हात होते. माशाला यातलं काय असतं? तीस वर्षांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, याची मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली. घरी सारजेला मात्र बाभळीचा काटा लागला म्हणून सांगितलं.

मग मी कानस घेऊन बसलो आणि होते तेवढ्या गळांचे काटे घासून गुळगुळीत केले. मासा लागला की दोरी ताठ ठेवायची, जरा ढिली पडली की तो आपोआप सुटतो. समाधाननं सांगितल्याप्रमाणं हात ओले करून धरायचा, अंगावरची बुळबुळ पुसायची नाही, पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचा नाही. अर्धे मासे तर काठाला येण्याआधीच सुटायचे. आमचा गेणबा, जो शेजारी बसून काट्याचाच गळ टाकतो, तो पोट धरधरून हसायचा.

घात झाला तो बाजाराच्या दिवशी. इंदापुरात दुकानदाराला मी विचारलं, बिनकाट्याचा मिळेल का? गळ हा शब्द मी आधी बोलून गेलो होतो, आणि रंगूबाई (एका कानानं कमी ऐकते, त्याची भरपाई तोंडानं करते) मागून त्यानंतर आली. संध्याकाळी ती आमच्या दारात वाडगं घेऊन हजर. "सारजे, तुज्या मालकाला बिनकाट्याचा मासा घावतोय म्हणं. आमच्या सासूला दात न्हाईत, एक तरी दे की."

सारजा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तीन दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. ताट पुढं ठेवायची आणि माळेला हात लावून आत जायची. कावीळ परवडली, दादासाहेब. जिनं माझ्यासाठी जिभेच्या चवीवर पाणी सोडलं, तिला मी फसवलं असं तिला वाटावं, हे मला फार लागलं. चौथ्या दिवशी मी सगळं कबूल केलं आणि माझा कायदाही सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "सोडायचाच व्हता तर धरायचा कशापायी?" गेणबानं हेच विचारलं होतं तेव्हा मी चिडलो होतो. तिच्यावर मात्र चिडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यामागं नदीवर आली. बघू दे म्हणाली. एक रोहू लागला, हात ओले करून धरला, गळ बोटभर मागं घेतला तर सरळ निघाला. तिनं वाकून माशाच्या ओठाकडं पाहिलं.

"दुखतं का वो त्येला?"

"न्हाई ठावं."

"तुमचा कान दुखला व्हता का, बाभळीच्या काट्यानं?" (म्हणजे समाधाननं सांगितलंच होतं.)

"लय दुखला."

"मग त्येलाबी दुखत आसंल."

रोहू सोडला. मग दोरीचा गळही सोडला आणि खिशात टाकला. कणकेचा गोळा चिंधीत घट्ट बांधून नुसताच दोरीला लावला. तेव्हापासून मी तसाच बसतो. मासा येतो, टोचा मारतो, बेंड बुडतं, माझं काळीज उडतं, आणि तो कणीक खाऊन आपल्या वाटेनं जातो. गेणबा म्हणतो, सोनबा पाण्यात अन्नछत्र चालवतोय. म्हणू दे. सारजा बोलायला लागली आहे, आणि माझी भूक परत आली आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
सोनबा

ता. क. १ : दुधाच्या टेंपोवाल्याकडं दिलेला तुमचा निरोप मिळाला. रविवारी बिनकाट्याचा मासा खायला येतो म्हणता. असा मासा नसतो, दादासाहेब. पिठलं असतं. त्यालाही काटा नसतो. जरूर या.

ता. क. २ : सारजेला पत्र वाचायला दिलं आहे. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

ता. क. ३ : दादा, मी सारजा. ह्यांनी लिवलंय ते समदं खरं हाय, पर एक ऱ्हायलं. काल दोरी माज्या हातात व्हती. एका चिलापीनं कणीक अशी धरली की पाण्याभाईर यीस्तवर सोडली न्हाई. गळ न्हाई, काटा न्हाई, तरी आली! मी येवढ्यानं वरडले की पलीकडची मान्सं काठावर आली. मग तिनं आपल्या मनानं तोंड उघडलं आन गेली. ह्यांची काठी मला जड पडती. रविवारी येताना माज्यासाठी बांबूची एक बारीक काठी आण.