थांबलेला फोन

रेणापूर, रविवार

प्रिय ज्योत्स्ना,

जय भीम. हरभरा घाटे धरतोय. तुझ्या सेन्सरच्या चोवीसही डब्या शाबूत आहेत. सतराव्या डबीवर होल्या पाखराने घाण केली होती, ती मी पुसली. दोन वर्षांपूर्वी तू त्या मातीत रोवल्यास तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो. चालता चालता फोनला विचारायचं, आणि आसपासच्या डब्यांनी एकमेकींकडे चौकशी करून ओल किती ते सांगायचं! तुझी आई मात्र पहिल्याच दिवशी फोन कमरेला खोचून निघाली.

तिच्या चालीपुढे तुझी विद्या हैराण झाली. ती विचारायची तिसऱ्या डबीपाशी, आणि उत्तर येईपर्यंत पोचलेली असायची सहाव्या. तू पुण्यात बसून नकाशावर बघायचीस आणि चिडायचीस, की आई, दहा मोजेपर्यंत तरी थांब. ती म्हणायची, “माती काय पळून चालली? मला न्हाई जमत बाई उभं ऱ्हायला.” तुझी अडचण मला कळायची. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. मी पोचेपर्यंत हाक मारणारा माणूस उतरून गेलेला, असं कितीदा तरी झालंय.

दिवाळीनंतर तुझा फोन आला. आई आता शहाण्यासारखी प्रत्येक डबीपाशी थांबते, नोंदी किती नीट येतात, प्रबंधात हेच दाखवणार म्हणालीस. किती आनंदात होतीस! मी नुसतं ‘हो, हो’ करत राहिलो.

पोरी, थांबतो तो मी. गुडघ्यामुळे. आई दसऱ्यापासून शेतात गेलेलीच नाही. कावीळ समजून लातूरला नेलं, तर लिव्हरचं दुखणं निघालं, पार वाढलेलं. तिने मला शपथ घातली, “तिची परीक्षा हुंद्या. तवर फोन तुमी शेतात फिरवा, न्हाईतर सगळं टाकून येईल ती.” तुझा फोन आला की मी तिला उशीला टेकवून बसवायचो. तुझ्याशी ती खणखणीत बोलायची आणि मग दिवसभर ग्लानीत पडून राहायची. तिची शपथ मोडायचा मला धीर झाला नाही. चुकलं माझं, फार चुकलं.

काल डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं. शुक्रवारी तुझी तोंडी परीक्षा आहे, ठाऊक आहे मला. पण डोळे उघडले की ती एकच विचारते, ज्योत्स्ना कुठवर आली? मी सांगतो, वाटेत आहे. फोनवर हे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून तुझ्या मामेभावाच्या, अश्वजितच्या हाती चिठ्ठी देतोय. तो गाडी घेऊनच आलाय. वाचलंस की तशीच त्याच्यासोबत बस. जन्मभर ती कुठल्या उत्तरासाठी थांबली नाही, बाळा. आता थांबलीय.

तुझाच,
बाबा