तुझ्या वाट्याचा साग

चक बुधेवाल, १२ जानेवारी १९९३

चि. सुखवंतला अजैबचे अनेक आशीर्वाद.

सुक्खी, ओढ्याकाठचं शेत, म्हणजे तुझ्या वाट्याचं, यंदा बिघडलंय. गव्हाची पानं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडलीत. भूरी म्हशीचे खूर सुटायला लागलेत. गावातल्या बायका म्हणतात, बहिणीचा तळतळाट लागला. गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींनी सुचवलं की तू तिथं येऊन सगळ्यांसमोर सांगावं, वाटा राजीखुशीनं सोडला. मग शेतासाठी अरदास, प्रार्थना करू. लुधियाना काही विलायत नाही, तेवढं ये.

दरवर्षीसारखा मोहरीच्या पाल्याचा साग पाठवतोय. त्याच शेतातला. मोहरी मात्र कमरेएवढी झालीय. बेबेची नखं दुखतात, तरी लेकीसाठी म्हणून तिनंच निवडला.

थोरल्या भावाची आठवण असू दे.
अजैब

लुधियाना, २४ जानेवारी

ती. वीरजींस, सुखवंतचा सा. न. वि. वि.

साग मी खाल्ला नाही, आमच्या प्रयोगशाळेत तपासला. तुमच्या मातीत सेलेनियम फार आहे. ते गंधकाचं सोंग घेऊन मुळांतून शिरतं. गव्हाला दोघांतला फरक कळत नाही, तो ते गंधकाच्या जागी बसवून अंग घडवतो आणि बिघडतो. मोहरी हुशार. ती विष वेगळं बांधून ठेवते, थोडं हवेत सोडते, पण स्वतःच्या अंगी लागू देत नाही. म्हणून ती हिरवीगार. बाकीचं सगळं तिच्या पानांतच असतं, वीरजी. खाणाऱ्याच्या पोटात जातं. म्हशीचे खूर आणि बेबेची नखं त्यानंच गेली. त्या शेतातलं काही कुणाला घालू नका.

राहिली राजीखुशी. बापूजी गेल्यावर त्यांच्या भोगाच्या, शेवटच्या पाठाच्या दिवशी तुमच्या डोक्यावर वारसाची पगडी बांधली आणि माझ्यापुढे वाटा सोडल्याचा कागद सरकवला. माझे डोळेही पुसून झाले नव्हते. मोहरीसारखं बांधून ठेवणं मलाही जमतं, पण खुशीनं दिला असं म्हणणार नाही.

बेबेला जपा, माझ्यावर राग धरा हवा तर.
सुखवंत

चक बुधेवाल, ३ फेब्रुवारी

चि. सुखवंतला आशीर्वाद.

वा गं शहाणे! विष असतं तर आधी मोहरी मेली नसती का? तुझी भाभी पोट धरून हसली. म्हणाली, नणंदबाईंना यायचं नाही, म्हणून शेताला आजार लावलाय. बेबेला दात नाहीत. तिच्या घशाखाली सागच उतरतो, काय उपाशी मारू? तरी तुझा शब्द राखतो. तू येऊन बोल, मी त्या शेतातला साग बंद करतो. गुरूची शपथ.

वाट बघणारा,
अजैब

लुधियाना, १७ फेब्रुवारी

ती. वीरजींस सा. न. वि. वि.

परवा बोलले मी, गुरुद्वाऱ्यात जमलेल्या सगळ्या संगतीसमोर, डोक्यावर पदर घेऊन. वाटा हसत सोडला म्हणाले. जन्मात इतकं कडू तोंड झालं नव्हतं. बायका रडल्या, भाभीनं मिठी मारली. बेबेनं माझा हात धरला, तिच्या तीन बोटांना नखं नव्हती. तिच्यासाठीच खोटं बोलले. आता तुम्ही शब्द पाळा.

उत्तर लवकर पाठवा, जीव टांगणीला आहे.
सुखवंत

चक बुधेवाल, २ मार्च

लाडक्या सुक्खीला अनेक आशीर्वाद.

तू बोललीस आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. गावात आता कुणी ब्र काढत नाही. दोन दिवस साग बंद ठेवला होता. मग ग्रंथीजींना विचारलं. ते म्हणाले, बहिणीनं भरल्या मनानं माफ केलं, आता त्या शेतात दोष कसला? खरंच आहे. शपथ तळतळाट होता तोवरची. भूरीलाही पुन्हा तिथलाच हिरवा चारा सुरू केलाय.

बेबे खुशीत आहे. तिला आता बोटांनी मक्याची भाकरी मोडवत नाही, म्हणून दोन्ही वेळा मी स्वतः तिला साग भरवतो. म्हणते, सुक्खीच्या शेतातला आहे ना, मग अजून दे.

तुझ्या वाट्याचा वेगळा बांधून पाठवलाय. या वेळी मात्र खा.

तुझा वीर,
अजैब